नावेत पाणी ओतून पाहिलं



आज वाचनात श्रीमद्भागवताचा एकादश स्कंध, अध्याय विसावा, श्लोक सतरावा. मधले पंधरा दिवस इथं काहीच आलं नाही म्हणून बऱ्याच जणांनी विचारणा केली. तब्येत ठणठणीत आहे. मी गावाकडे होतो, मामाकडे, कौंडण्यपूरजवळ, आणि तिथं एक जुनी ॲल्युमिनियमची नाव दुरुस्त करत होतो. आता तुम्ही म्हणाल, भागवताचा आणि त्याचा काय संबंध? श्लोक वाचा, मग सांगतो.

भगवंत उद्धवाला सांगतात की हा नरदेह म्हणजे एक नाव आहे. मिळणं अवघड, तरी आपल्याला आयती मिळालेली. गुरू तिचं सुकाणू धरून बसलेत. आणि मी स्वतः अनुकूल वारा होऊन तिला ढकलतोय. एवढं सगळं असून जो पैलतीराला जात नाही, तो आपणच आपला घात करतो. याच स्कंधावर नाथबाबांनी मराठीत केवढी मोठी टीका लिहिली, १५७३ साली काशीत ती पूर्ण झाली. आपल्या वारकऱ्यांच्या नित्यपाठातला ग्रंथ.

मी हा श्लोक कितीतरी वेळा वाचलाय, स्टेटसला ठेवलाय, त्यावर रीलही केलंय. दर वेळी माझं लक्ष गुरूंकडे आणि वाऱ्याकडे जायचं. त्यात नावेला एक विशेषण लावलंय, 'सुकल्प'. म्हणजे नीट घडवलेली, कामाला योग्य. या शब्दावर मी कधी थांबलोच नव्हतो. हाती आली तेव्हा नाव नीटच होती असं भगवंत म्हणतायत. नंतर आपण तिचं काय केलं?

आता गावाकडची गोष्ट. ती सांगायला थोडी लाज वाटते, पण सांगतो.

कौंडण्यपूर म्हणजे रुक्मिणीमातेचं माहेर. तिवसा तालुका, अमरावतीहून चाळीसेक किलोमीटर. सातपुड्यात मुलताईकडून आलेली वर्धा नदी खालून वाहते, पलीकडचा काठ वर्धा जिल्ह्याचा. आईसाहेबांची पालखी इथून पंढरपूरला निघते, तिला चारशेहून जास्त वर्षं झाली. माझं आजोळ भोयांचं. आजोबा यात्रेकरूंना डोंग्यातून पलीकडे सोडायचे, बाकीचे दिवस मासे धरायचे. मामा मासेच धरतो. रोहू, कतला, मरळ, नशीब असेल तर मोठा वाम.

मी तीन वर्षांपूर्वी माळ घातली. (वऱ्हाडीत 'ळ'चा 'य' होतो, त्यामुळे मामी सगळ्यांना सांगते, 'भाच्यानं गळ्यात माय घातली.' मला ते फार आवडतं.) यंदा कार्तिकी यात्रेला गेलो, पौर्णिमेचं दर्शन घेतलं, दुसऱ्या दिवशीची दहीहंडी बघितली, आणि रात्री जेवायला बसल्यावर मामाला म्हणालो, 'हा धंदा आता सोडा. जीव मारून मिळवलेला पैसा आहे हा. असल्या पैशाचं अन्न माझ्या घशाखाली उतरत नाही.'

पानात मासा नव्हता बरं. माझ्यासाठी मामीनं मुद्दाम वेगळ्या भांड्यात वरण आणि वांग्याची भाजी केली होती. मामा काही बोलला नाही, हात धुऊन उठला. आजीनं ताट तसंच सरकवून ठेवलं. आणि मला त्या क्षणी वाटलं होतं की आपण खरं बोललो, निर्भयपणे बोललो! पुण्याला परतताना एसटीत मी त्यावर एक छान पोस्टसुद्धा मनात लिहून काढली होती. अकरावी-बारावीला अमरावतीत माझ्या खोलीचं भाडं कोण भरायचं आणि कशातून, हे त्या पोस्टमध्ये कुठंच नव्हतं.

दहा-बारा दिवसांनी मामेभावाचा फोन आला. मामाचा लाकडी डोंगा बुडाशी कुजला होता, पहाटे जाळं ओढताना अर्धा भरला, मामा पोहत काठाला आला. मार्गशीर्षातली थंडी. नवा डोंगा घ्यायची ऐपत नव्हती म्हणून मामानं भंगारातून एक ॲल्युमिनियमची नाव उचलली होती, वजनावर. कधीकाळी कुठल्याशा तलावावर हौशी लोकांना फिरवणारी, चौदा फुटी. भाऊ म्हणाला, 'गयते लय. पण बाबा तशीच पाण्यात टाकतो म्हून राहिले.'

मी घरून काम घेतलं आणि निघालो. माफी मागायचं ठरवलं होतं, पण तोंड उघडेना. मामाही कामापुरतंच बोलायचा. दोघांच्या मधे ती नाव.

आधी तळातलं जुनं प्लायवूड काढलं. काळं पडलेलं, वर्षानुवर्षं ओलं राहिलेलं. त्याच्याखाली पत्र्यावर पांढरी भुकटी. मी म्हटलं चुना असेल. तिवशाहून आलेल्या वेल्डिंगवाल्या मिस्त्रींनी सांगितलं, हाच याचा गंज. लोखंडाचा गंज लाल असतो, लांबून ओळखू येतो. ॲल्युमिनियमचा पांढरा, भस्मासारखा. खरं तर हा धातू स्वतःला सांभाळतो. हवा लागली की त्याच्यावर आपोआप एक पातळ कवच येतं, ओरखडा पडला तरी पुन्हा येतं. पण ओलं लाकूड वर्षानुवर्षं चिकटून बसलं आणि हवाच पोचली नाही की कवच भरून येत नाही, तिथं बारीक खड्डे पडत जातात. वरून नाव चकाचक, फळीखाली चाळणी.

दुसरा घोटाळा बोल्टचा. आधीच्या कुणीतरी तुटलेल्या रिव्हेटच्या जागी लोखंडी बोल्ट ठोकले होते. कोरड्यात काही होत नाही. पाण्यात हे दोन धातू एकमेकांना टेकले की त्यांच्यात बारीकसा विद्युतप्रवाह सुरू होतो, आणि त्यात झिजतं ते ॲल्युमिनियम. एकेका बोल्टभोवती पत्रा खाऊन टाकलेला होता. संगतीचा दृष्टांत इथं देता येईल, पण प्रत्येक गोष्टीतून दृष्टांत काढायच्या माझ्या सवयीवरून मामेभाऊ आधीच हसतो, म्हणून सोडून देतो.

मग प्रश्न आला, गळतं कुठून? मी म्हणालो, नदीत उतरवू आणि आत बसून बघू. मामा पहिल्यांदाच नीट बोलला:

'पाण्यात बसून काय समजन तुले? सारीकडून ओलंच दिसन. नाव काठावर ठेव, आत पाणी टाक, अन् भाईर बसून पाय.'

कीर्तनात आपण सगळ्यांनी ऐकलंय, नाव पाण्यात असावी पण पाणी नावेत नसावं. मीही हे किती जणांना ऐकवलंय! आणि इथं मामा बादल्या भरभरून नावेत पाणी ओतत होता. जुन्या टायरांवर नाव ठेवलेली, तळाला जागोजागी आधार. काठोकाठ नाही भरायची, पाण्याच्या वजनानं पत्रा फुगतो. वीतभर पुरे. मग खाली वाकून बघायचं. आधी काहीच नाही. दोन मिनिटांनी एका रिव्हेटच्या डोक्याशी थेंब जमला. मग दुसऱ्या. मामा मार्करनं गोल करत गेला. सतरा गोल झाले.

तेवढ्यात मामेभावाचा पाय मागच्या बुचाला लागला, बूच निघालं आणि सगळं पाणी भस्सकन माझ्या अंगावर, खाली ठेवलेल्या लॅपटॉपच्या बॅगेवर. मी जे काही बोललो ते इथं लिहिता येणार नाही. एका दमात, आईबापाचा उद्धार करत, त्याच्या बापासमोर. गळ्यात माळ होतीच.

सगळे गप्प. मामा उठला, मार्करचं टोपण पुन्हा काढलं, माझ्या छातीशी आणलं आणि अगदी शांतपणे विचारलं:

'भाचेबुवा, इथंबी निशाणी लावू का?'

भाऊ हसला. मी हसलो नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि महाभारतातला कौशिक आठवला. वनपर्वात मार्कंडेय ऋषी युधिष्ठिराला त्याची गोष्ट सांगतात. हा वेदाध्यायी ब्राह्मण झाडाखाली बसलेला असताना वरून बगळीनं घाण केली. त्यानं रागानं वर पाहिलं आणि बगळी मरून पडली. पुढे भिक्षेला गेला तर एका गृहिणीनं त्याला थांबवून ठेवलं, तो पुन्हा रागावला, तेव्हा ती म्हणाली, मी बगळी नाही. आणि तिनं त्याला धर्म शिकायला कुणाकडे पाठवलं? मिथिलेत मांस विकणाऱ्या व्याधाकडे.

ही गोष्ट मला पाठ होती. पण मी स्वतःला नेहमी श्रोत्यांत बसवायचो. कौशिकाचं तप खोटं नव्हतं, हे लक्षात घ्या. तप भरलेलं होतं म्हणूनच गळती दिसली. रिकामी नाव कधी गळत नाही. साधना सुरू केल्यावर आपला राग वाढला, दुसऱ्यांच्या ताटातलं जास्त दिसायला लागलं, असं तुमच्यापैकी अनेक जण मला लिहितात, आणि मी त्यांना 'नाम वाढवा' असं ठोकळेबाज उत्तर देत आलो. आज वेगळं सांगेन. आणखी पाणी ओतण्याआधी जरा खाली वाकून बघा, आणि थेंब दिसेल तिथं खूण करा. नाव काठावर आहे तोवरच हे जमतं.

मासेमारीचं काय, असं कुणी विचारेलच. तो व्याध आपला धंदा निर्दोष आहे असं म्हणत नाही. कुळाकडून आलेलं काम करतो, स्वतः मारत नाही, खात नाही, म्हाताऱ्या आईवडिलांची सेवा करतो, आणि नांगराखालीही जीव मरतात याची आठवण करून देतो. मामा मारतोही आणि खातोही, म्हणजे ही गोष्ट त्याला पूर्ण लागू पडत नाही. मी मासे खात नाही, खाणार नाही. पण त्या रात्री त्या ताटावर मी जे बोललो तो धर्म नव्हता, एवढं मला कळलंय. पहाटे चुलीपाशी मामाला तसं सांगितलं. तो म्हणाला, 'चाय घे. आज रिपिटा ठोकाच्या हायेत.'

रिव्हेट ठोकायला दोघं लागतात. एकानं बाहेरून डोक्याला जड लोखंड टेकवून धरायचं, दुसऱ्यानं आतून शेपूट हातोडीनं पसरवायची. मधे पत्रा, एकमेकांचं तोंड दिसत नाही. टकटक दोनदा म्हणजे धरलंय, एकदा म्हणजे झालं. सतरा गोल आणि सगळ्या लोखंडी बोल्टच्या जागा, दीड दिवस लागला. मागच्या फळीशी एक चीर होती ती मिस्त्रींनी आर्गॉन लावून जोडली. त्याआधी स्टीलच्या ब्रशनं पत्रा घासत बसले. ते पातळ कवच आहे ना, ते दोन हजार अंशांच्या वर वितळतं आणि आतला धातू ६६० ला. कवच न काढता जोड दिला तर जोड वरच्यावर बसतो.

मग मासेमारीसाठी बदल. पुढचा बाक काढून जाळ्याला सपाट जागा केली. तळाला प्लायवूड नाही, चेकर प्लेट, उचलून वाळवता येईल अशी. काठाला चिरलेला प्लास्टिकचा पाइप चढवला, कारण तंगूसचं जाळं जरा कुठं टोक लागलं की फाटतं. उरलेल्या दोन बाकांखाली बंद पेट्या करून त्यात फोम दाबून भरला. यावर माझं आणि मामाचं वाजलं, त्याला तो खर्च फुकटचा वाटत होता. मी हिशेब मांडला: सत्तर किलोची ही नाव पाण्याखाली गेली तर पत्रा स्वतःच्या आकाराचं जेमतेम सव्वीस किलो पाणी बाजूला सारतो. उरलेले चव्वेचाळीस किलो, वर माणसं, जाळं, हे कुणी पेलायचं?

हिशेबानं तो ऐकला नाही. झुंजचं नाव काढलं तेव्हा ऐकला. १४ सप्टेंबर २०२१, याच वर्धेत, वर वरूड तालुक्यात. घरातल्या मृत्यूनंतरच्या विधीसाठी जमलेले नातेवाईक नावेत बसले, नाव उलटली, अकरा जण गेले. नदीकाठच्या कुठल्याही घरात ही तारीख सांगावी लागत नाही. मामानं स्वतः ब्रश घेऊन नावेवर लिहिलं, 'फक्त तीन माणसं'.

लाइफ जॅकेटला मात्र तो शेवटपर्यंत नाही म्हणाला. 'भोयाचं पोट्टं मी, मले कायले?' तेव्हा मी माउलींची मदत घेतली. ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायात भगवंत नामांच्या हजारो नावा सजवून स्वतः तारू होतात. कुणाला ध्यानाच्या कासेला लावतात, संसारी माणसांना ताफ्यावर बसवतात, आणि काहींच्या पोटाला प्रेमाची पेटी बांधून काठाला आणतात. मामा ऐकत होता. म्हणाला, 'माउलीले पोहता येत होतं का रे?' आणि जॅकेट घातलं. बंद लावले नाहीत, ते मामीनं लावले.

परवा सकाळी नाव नदीत उतरवली. नारळ, हळदकुंकू, मामानं पाण्याला हात लावून डोळ्यांना लावला. तीनच माणसं: मामा, भाऊ, मी. जाळं घेतलं नव्हतं. धुकं होतं, वर टेकडीवर देवळात काकड्याचा आवाज. पलीकडच्या काठाला जाऊन वळलो तेव्हा मी चेकर प्लेट उचलून तळाला हात फिरवला. कोरडं. पुढं कोरडं. मागच्या बाकाखाली एक रिव्हेट ओला लागला.

मामाला सांगितलं. त्यानं वल्हं न थांबवता खिसा चाचपला. मार्कर घरीच राहिला होता.

उद्या याच अध्यायातला अठरावा श्लोक घेऊ, मन स्थिर करण्याचा. राम कृष्ण हरी.