दुसरा गाल पुढे करताना

सोलापूरच्या सात रस्त्यावर उभे राहिले की कोणती वाट धरावी, असा प्रश्न नवख्या माणसाला पडतोच. आमच्या परिचयातील एका कुटुंबातील सातवीतला मुलगा हा प्रश्न रोज निराळ्याच रीतीने सोडवीत असे. शाळेतली तीन मोठी मुले ज्या रस्त्याला उभी असतील, तो रस्ता सोडून तो दुसरा कोणताही रस्ता धरी. घर दहा मिनिटांवर. पण तो अर्ध्या तासाने घरी पोहोचे. गाठ पडलीच तर ती मुले त्याची टोपी हिसकावून घेत, डबा उघडून खात, पाठीत धपाटा घालीत. तो एक शब्दही बोलत नसे.

घरी हे कळले तेव्हा दोन मते पडली. वडील म्हणाले, "रडत काय येतोस? एकदा कानाखाली वाजव एकाच्या, म्हणजे पुन्हा वाटेला जाणार नाहीत. असा भित्रा कसा निपजलास कोण जाणे!" आई म्हणाली, "असलं काही शिकवू नका त्याला. एका गालावर मारलं तर दुसरा पुढे करावा, असं येशूनं सांगितलंय." मुलगा दोघांकडे पाहत राहिला आणि मग मान खाली घालून त्याने विचारले, "आई, येशूला मारलं तेव्हा त्यानं दुसरा गाल पुढे केला होता का?"

मी त्या वेळी तेथे बसलो होतो. आई माझ्याकडे पाहू लागली. मला चटकन उत्तर देता आले नाही. घरी येऊन मी संत योहानाचे शुभवर्तमान उघडले.

त्याच्या अठराव्या अध्यायात तो प्रसंग आहे. प्रभूला बांधून हन्नाच्या वाड्यात आणले आहे. चौकशी चालू असताना जवळ उभा असलेला एक शिपाई त्याच्या तोंडात मारतो. प्रभू त्याला उलट मारीत नाही, शाप देत नाही. पण तो गप्पही बसत नाही. आपले बोलणे चुकले असेल तर ते दाखवून दे, आणि चुकले नसेल तर मारलेस का, असे तो त्याला सरळ विचारतो. संत ऑगस्टिन याच प्रसंगाकडे बोट दाखवून सांगतात, की दुसरा गाल पुढे करण्याची आज्ञा केवळ अक्षरशः घ्यावयाची नसून अंतःकरणाच्या तयारीने पाळावयाची आहे. मनात सूड नसावा. परंतु ओठांवर सत्य असू नये, असे प्रभूने कोठेही सांगितलेले नाही.

त्याच रात्री, त्याच अंगणात आणखी एक माणूस होता. पेत्राला कोणी मारले नव्हते. दारावरच्या एका दासीने नुसते विचारले आणि तो नाही म्हणून मोकळा झाला. बाहेरून पाहणाऱ्याला पेत्र शांत, कोणाशी न भांडणारा माणूस वाटला असता. प्रत्यक्षात तो भ्याला होता. येथेच आपल्या प्रश्नाची गाठ आहे. नम्रता आणि भित्रेपणा दुरून सारखेच दिसतात. दोघेही हात उगारीत नाहीत. पण नम्र माणूस जागा सोडीत नाही आणि भित्रा माणूस जागेवर असूनही तेथे नसतो. दुसरा गाल पुढे करायचा तर पळून चालत नाही. समोर उभे राहावे लागते.

संत थॉमस अक्वायनस यांनी धैर्याचा विचार करताना म्हटले आहे, की हल्ला करणे हे धैर्याचे मुख्य लक्षण नव्हे. संकटासमोर न डगमगता टिकून राहणे हे त्याहून मोठे. म्हणजे त्या घरातल्या दोन्ही मतांत काहीतरी उणे होते. वडिलांचा उपाय मुलाला धीट करण्याऐवजी चौथा दांडगट करणारा होता. आईचा उपदेश पवित्र होता. पण जो उत्तर देऊच शकत नाही त्याने क्षमा केली, असे कसे म्हणावे? देण्यासाठी आधी हातात काही असावे लागते. क्षमेचेही तसेच आहे.

सोलापूरहून सुमारे ७० किलोमीटरवर पंढरपूर आहे. तेथे १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी प्राणांतिक उपोषण केले. अस्पृश्य मानलेल्या बांधवांना विठ्ठलमंदिर खुले व्हावे, एवढीच त्यांची मागणी होती. हेच गुरुजी लहानपणी केवढे भित्रे होते, हे 'श्यामची आई' वाचलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या त्या पुस्तकात, पोहायला जायच्या भीतीने लपून बसलेल्या श्यामला आई मारून बाहेर काढते. तो पोहून येतो. मग त्याच्या अंगावरचे वळ पाहून तिचेच डोळे भरून येतात. आपल्या मुलाला जगाने भित्रा म्हणू नये, एवढेच तिला हवे असते. तो मार आज आपण अनुकरणीय मानणार नाही. परंतु आपला मुलगा हे करू शकेल, हा त्या माउलीचा विश्वास मात्र घेण्यासारखा आहे. तिने त्याला भित्रा ठरवून सोडून दिले नाही.

गुरुजी पुढेही हळवेच राहिले. डोळ्यांत चटकन पाणी येणारा तो माणूस होता. पंढरपूरच्या उपोषणाला विरोध झाला. ज्यांना ते पित्यासमान मानीत, त्या गांधीजींनीही उपोषण सोडावे असे कळविले. गुरुजींनी नम्रपणे आपली बाजू मांडली आणि उपोषण चालू ठेवले. अखेर विठ्ठलाचे दार उघडले. धैर्यासाठी स्वभाव बदलावा लागत नाही. हळवा माणूस हळवा राहूनही ठाम उभा राहू शकतो.

येथे आपणा आईवडिलांना थोडी अडचण आहे. बाहेर धीट असावा आणि घरात मात्र 'ब्र' काढू नये, असा मुलगा आपल्याला हवा असतो. पण ज्याला घरात कधी 'नाही' म्हणता आले नाही, त्याला ते सात रस्त्यावर कसे म्हणता येईल? संत थॉमस हे अबोल तरुण होते. सहाध्यायी त्यांना 'मुका बैल' म्हणत. १२४४ साली ते दोमिनिकन संघात गेले, ते घरच्यांना रुचले नाही. भावांनी त्यांना वाटेतून पकडून आणले आणि सुमारे वर्षभर घरच्या कैदेत ठेवले. त्यांनी आपला निर्णय बदलला नाही. शेवटी घरच्यांना माघार घ्यावी लागली. 'आईबापांचा मान राख' ही आज्ञा त्यांनी मोडली, असे ख्रिस्तसभेने कधी म्हटले नाही.

आणखी एक गोष्ट मुलांना सांगावयास हवी. मदत मागणे हा भित्रेपणा नव्हे. फिलिप्पैच्या तुरुंगातून संत पौलाला गुपचूप निघून जाण्यास सांगितले, तेव्हा तो तसा गेला नाही. आपण रोमन नागरिक असून विनाचौकशी फटके खाल्ले आहेत, तेव्हा अधिकाऱ्यांनीच येऊन आपल्याला बाहेर न्यावे, असा त्याने आग्रह धरला. मार खाणाऱ्या मुलाने शिक्षकांना सांगणे, घरी सांगणे हेही असेच आपले हक्काचे दार ठोठावणे आहे. मोठ्यांनी ते वेळेवर उघडावे.

पुढच्या रविवारी मिस्सानंतर मी त्या मुलाला योहानातील तो प्रसंग सांगितला. त्याने लक्षपूर्वक ऐकले; बोलला काहीच नाही. वडिलांनी शाळेत जाऊन शिक्षकांची भेट घेतली. काही दिवसांनी त्या तिघांनी पुन्हा टोपी घेतली, तेव्हा तो पळाला नाही. "माझी टोपी का घेतलीस? मी तुझं काय केलंय?" एवढेच त्याने विचारले. मुले हसली. टोपी त्या दिवशी मिळाली नाही. दुसऱ्या दिवशी तो त्याच रस्त्याने गेला आणि त्याने तोच प्रश्न विचारला. तिसऱ्या दिवशी त्यांच्यातल्या एकाने टोपी परत दिली. तिघे त्याचे मित्र झाले, असे काही घडले नाही. पण तो आता दहा मिनिटांत घरी येतो.

त्याच आठवड्यात पाहुण्यांसमोर वडिलांनी नेहमीप्रमाणे त्याला 'आमचं भित्रं पोर' म्हटले. पाहुणे गेल्यावर तो वडिलांजवळ जाऊन म्हणाला, "बाबा, चारचौघांत मला भित्रा म्हणत जाऊ नका. मला वाईट वाटतं." त्याचा आवाज कापत होता, असे आईने मला सांगितले.

पेत्राचाही आवाज पहिल्यांदा कापला असेल. पवित्र आत्म्याच्या आगमनानंतर ज्या धर्मसभेपुढे तो निर्भयपणे उभा राहिला, तिच्यात तोच हन्ना बसलेला होता. दृढीकरणाच्या वेळी आपल्या मुलांसाठी आपण ज्या सात दानांची याचना करतो, त्यांत धैर्यही आहे. ते दान फळाला येऊन मुलगा प्रथम आपल्याच समोर उभा राहिला, तर त्याला गप्प बसवू नये. त्या वडिलांनी बसविले नाही. थोडा वेळ थांबून ते एवढेच म्हणाले, "बरं. चुकलं माझं."