स्वमग्नता हे मागल्या जन्मीचे पाप नव्हे



हाक मारली तरी वळून न पाहणारे, नजरेला नजर न देणारे, एकच हालचाल पुन्हा पुन्हा करणारे मूल वस्तीत दिसले की लोक म्हणतात, 'मागल्या जन्मीचे पाप!' आई मान खाली घालते, घर देवऋषाचा उंबरठा झिजवते. २२ प्रतिज्ञा घेतलेल्या घराला हे शोभते काय?

गतजन्मीच्या कर्माचा हा सिद्धांत बाबासाहेबांनी १९५७ साली निघालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात नाकारला आहे. कारणाशिवाय कार्य नाही, हे धम्म सांगतो. स्वमग्नतेचे कारण मेंदूच्या जडणघडणीत आहे. ती जन्मापूर्वीच वेगळी होऊ लागते. त्यात आईचा दोष नाही, लसीचाही नाही. गंडेदोरे निरुपयोगी आहेत; लवकर तपासणी आणि धीराने दिलेले शिक्षण यांनी मूल पुढे जाते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेची नोंद आहे. म्हणून शाळा ही मेहेरबानी नव्हे, हक्क आहे.

सोबत्यांनी टाकून दिलेल्या आजारी भिक्खूला तथागतांनी स्वतः धुतले-पुसले. स्वमग्नता हा आजार नव्हे. पण टाकून देणे तेच आहे. विहारात ते मूल कानांवर हात ठेवील, तेव्हा कर्णा हळू करा आणि मायलेकरांना आपल्यात बसवा. वंदना तिथूनच सुरू होते.

जय भीम!