खांद्यावरचा वेताळ

नांदेडला गोवर्धन घाटाच्या बाजूने दिवेलागणीला सायकलवर यायचं म्हटलं की माझ्या पोटात गोळा यायचा. दोष घाटाचा नव्हता, ‘विक्रम और बेताल’चा होता. साल १९८५. शेजाऱ्यांच्या दाराच्या चौकटीला टेकून मी ती मालिका बघायचो. पांढऱ्या केसांचा वेताळ राजाच्या पाठीवर बसून हसत हसत गोष्ट सांगायचा, आणि घाटावर विझत आलेली चिता दिसली की मला तेच हसू ऐकू यायचं.

दोन वर्षांनी, २५ जानेवारी १९८७ला, ‘रामायण’ सुरू झालं. तेव्हा मी लातूरला आजोळी होतो. आजीने टीव्हीपुढची जागा ओल्या फडक्याने पुसून घेतली होती, उदबत्ती लावली होती, चपला बाहेर ठेवायला लावल्या होत्या. राम पडद्यावर आला आणि मी ओरडलो, “आजी, हा तर विक्रम राजा!” खोटं नव्हतं ते. निर्माते तेच, रामानंद सागर. अरुण गोविल तेच. सीता झालेल्या दीपिका आणि लक्ष्मण झालेले सुनील लहरीही वेताळाच्या गोष्टींत येऊन गेलेले. आजीने मागे वळूनही पाहिलं नाही. “गप बस रे लेकरा, देव हायत ते.”

गंमत म्हणजे हीच आजी रात्री अंगणात गोष्ट सांगताना आम्ही ‘हूं’ दिला नाही तर थांबायची. मधे विचारलं नाही तर रागवायची. म्हणजे एकाच बाईच्या घरात गोष्टीचे दोन कायदे होते. रात्रीच्या गोष्टीत बोलायचं, रविवारी सकाळी साडेनऊला हात जोडायचे. त्या वयात मी एवढाच अर्थ काढला की लहान मुलांची अद्भुतकथा म्हणजे मोठ्या कथेची रंगीत तालीम. सागरांनी आधी वेताळावर हात साफ करून घेतला आणि मग रामाला हात घातला.

हा समज बरीच वर्षं टिकला. तो पहिल्यांदा हलला तो दादासाहेब फाळक्यांमुळे. १९१७च्या ‘लंकादहन’मध्ये अण्णा साळुंके यांनी रामही केला आणि सीताही. एकच नट दोन्ही रूपांत दिसतो, पण हे सोंग आहे हे प्रेक्षकाने विसरावं, अशीच चित्रपटाची अपेक्षा. दोन वर्षांनी आला ‘कालियामर्दन’. त्यात बाळकृष्ण झाली फाळक्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी. आणि कथा सुरू व्हायच्या आधी फाळके काय करतात? आपल्या मुलीचा चेहरा समोर आणून तिचे वेगवेगळे भाव दाखवतात. ही माझी पोरगी, ती असे चेहरे करते, आता ती कृष्ण होणार. सोंग उघड करून मग खेळ मांडलेला. तरी ती पाण्यात कालियाशी झुंजते तेव्हा श्वास अडकतोच.

म्हणजे लहान मुलांच्या कथेत आणि मोठ्या कथेत फरक आकाराचा नसावा. ‘असं समजू या’ हे मोठ्याने म्हणायची मुभा आहे की नाही, यात तो असावा.

मग २००१ आलं. नोव्हेंबरात हॅरी पॉटरचा पहिला चित्रपट, डिसेंबरात ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा पहिला भाग. मला भावला तो ‘रिंग्ज’, आणि का ते कळायला अकरा वर्षं लागली. २०१२ ते २०१४ या काळात ‘रिंग्ज’वाल्या पीटर जॅक्सन यांनीच ‘हॉबिट’ काढला. टोल्किन यांनी १९३७ साली मुलांसाठी लिहिलेलं ते एक सुटसुटीत पुस्तक. त्याचे तीन चित्रपट झाले, मिळून जवळपास आठ तास. लढाया वाढल्या, पिळदार भाषणं वाढली, आणि घरी बसून खाणंपिणं आवडणारा तो बुटका नायक आपल्याच गोष्टीत अंग चोरून उभा राहिला. उलट ‘रिंग्ज’मध्ये जगबुडीची कथा आहे, पण आपण ती बघतो कमरेएवढ्या उंचीच्या माणसांच्या नजरेतून. ती सतत विचारतात, हे कोण, तिकडे काय, जेवण कधी. मोठी कथा त्यांनी खांद्यावर घेतली आहे असं वाटतं. मला तर ती माणसंच कथेच्या खांद्यावर बसलेली दिसतात, वेताळासारखी.

वेताळाचं मूळ गाव कळलं ते याच सुमाराला. ‘कथासरित्सागर’ हा अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने लिहिलेला ग्रंथ. त्यातल्या वेताळकथांचा राजा त्रिविक्रमसेन राहतो गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानात. म्हणजे पैठणला! लहानपणी ज्या घाटावर मी घाबरायचो तिथलं पाणी वेताळाच्या गावावरूनच खाली नांदेडला येत होतं. माझी भीती अगदीच निराधार नव्हती तर.

सोमदेवाने ज्यावरून लिहिलं ती ‘बृहत्कथा’ गुणाढ्याची, आणि त्याची दंतकथाही पैठणचीच. सातवाहन राजाला संस्कृत नीट येत नव्हतं. जलक्रीडेत राणी संस्कृतात म्हणाली पाणी उडवू नका, राजाने तिच्या शब्दांच्या संधीत मोदक ऐकले आणि खरंच मोदक मागवले. राणी हसली, राजा खजील झाला. त्याला व्याकरण किती दिवसांत शिकवायचं यावर पैज लागली. गुणाढ्य ती हरला आणि संस्कृत, प्राकृत, देशी अशा सगळ्या भाषा सोडून अरण्यात गेला. तिथे पिशाचांच्या भाषेत, स्वतःच्या रक्ताने सात लाख श्लोक लिहिले. राजाने ते नाकारले. मग तो एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवत आगीत टाकत राहिला. प्राणी चरायचं विसरून ऐकत होते. राजा धावत आला तोवर सहा लाख जळाले होते. एवढ्या मोठ्या ग्रंथाचं मूळ काय, तर मोदकांचा घोटाळा. ही बालकथा म्हणायची की महाकथा, मला आजही ठरवता येत नाही.

२०२३च्या जूनमध्ये ‘आदिपुरुष’ आला तेव्हा लोक चिडले, हनुमानाच्या तोंडचे संवाद प्रदर्शनानंतर बदलावे लागले. श्रद्धा दुखावली म्हणून, असं सांगितलं गेलं. ते खरं आहे, पण मला अर्धंच वाटतं. त्या चित्रपटात सगळे एकमेकांना सुनावत होते, विचारत कोणीच नव्हतं. आजीनेही रामायणाची भक्ती केली, पण रात्री तिला ‘हूं’ लागायचाच.

मागच्या वर्षी भाचीच्या लग्नानंतर घरी गोंधळ होता. आमच्याकडे माहूरच्या रेणुकेचा गोंधळ घातल्याशिवाय लग्न पुरं होत नाही. रात्री एकच्या पुढे गोंधळ्याने जांभूळ आख्यान लावलं. व्यासांच्या महाभारतात नसलेली ही गोष्ट. ऋषीच्या झाडाचं एकुलतं एक जांभूळ तोडलं गेलंय, ते परत फांदीला लागायचं तर पांडवांनी आणि द्रौपदीने एकेक करून मनातलं खरं बोलायचं. संबळ घुमत होता. मोठी माणसं द्रौपदीच्या मनातल्या कर्णाकडे कान लावून बसलेली. इतक्यात तुणतुणेवाल्या साथीदाराने नेहमीसारखं भोळं तोंड करून विचारलं, “पण दादा, जांभूळ चिकटलं कशानं? डिंकानं?”

“खरं बोलल्यानं!” पुढच्या रांगेत, आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडलेली पाच वर्षांची पोर झोपेतून उठून ओरडली.

मांडव हसला. नायक गोंधळ्याने संबळ थांबवला, तिच्याकडे वळला आणि म्हणाला, “बरं माय, मग अजून खाली का आहे ते?”