चाखून बघितलं का?

मला एक खोड आहे. काही नवलाचं दिसलं की ते चार जणांना दाखवल्याशिवाय माझं अन्न पचत नाही. लहानपणी एक भिंग सापडलं, तेव्हा सबंध आळीला उन्हात बसवून कागद जाळून दाखवला होता. पण त्या काळी दाखवायला माणूस समोर लागायचा. तो दोनदा फसला की तिसऱ्यांदा येत नसे. म्हणजे माझ्या उत्साहाला निसर्गानेच वेसण घातलेली होती.

मोबाइलने ती सोडली. आता मी अंथरुणातून पाय खाली टेकवायच्या आत नातेवाइकांना तीन नवलं धाडतो. आकाशाकडे धरलं की ताऱ्याचं नाव सांगणारं ॲप. पानाचा फोटो काढला की झाड ओळखणारं ॲप. (त्याने आमच्या कढीपत्त्याला कडुनिंब म्हटलं, पण इतक्या आत्मविश्वासाने की मीच आमटी चाखून खात्री करून घेतली.) त्यातच एके दिवशी ते ॲप आलं : मोबाइलच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवा, रक्तदाब कळेल. मी ते तत्काळ पुढे पाठवलं. वर माझ्या पदरचे तीन शब्द : 'अवश्य वापरून बघा!' मी स्वतः वापरलेलं नव्हतं.

सिडकोत माझी मावशी राहते. वय अठ्ठ्याहत्तर, एकटी, आणि भाच्याच्या अकलेवर गाढ विश्वास. ती रोज सकाळी बोट ठेवू लागली. आकडा रोज छान यायचा. महिनाभर छान आल्यावर तिने विचार केला, की मग ही गोळी कशाला? गोळी बंद झाली आणि पंधरा दिवसांनी मावशी न्हाणीघरात चक्कर येऊन पडली. कपाळाला चार टाके. दवाखान्यात दाब मोजला तर वरचा आकडा दोनशे. डॉक्टरांनी विचारलं, "आजी, गोळी थांबवायला कुणी सांगितलं?" मी कोपऱ्यात उभा होतो. मावशीने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, "मोबाइलने."

तिने मला वाचवलं. ते टाके तिच्या कपाळाला पडले, पण ओढ मला अजून बसते.

नंतर मी जरा वाचलं. बोटावर उजेड पडला की आतलं रक्त ठोक्यागणिक कमीजास्त होताना कॅमेऱ्याला दिसतं. त्यावरून नाडी मोजता येते. पण नाडी म्हणजे दाब नव्हे, आणि नुसत्या बोटावरून काढलेल्या दाबाच्या आकड्यावर विसंबता येत नाही. नळाला पाणी कधी येतं हे कळलं, म्हणून ते तिसऱ्या मजल्यावर चढेल का हे कळत नाही. ही उपमा आमच्या गावात कुणालाही चटकन पटते.

आता प्रश्न असा, की मी खोटं बोललो का? नाही. माझा काही फायदा होता? छे. मी फक्त पुढे पाठवलं. पोस्टमन काय पत्र वाचून मग टाकतो? ही वकिली मी स्वतःशी दोन रात्री केली. तिसऱ्या रात्री लक्षात आलं, की पोस्टमन पाकिटावर स्वतःच्या हाताने 'अवश्य' लिहीत नाही.

आई शेजारी भाजीची वाटी पाठवायची ती आधी चाखून. नैवेद्य तेवढा चाखायचा नाही. देवाला अजीर्ण होत नाही, शेजाऱ्याला होतं.

मग मी ठरवलं, की आता कुणाला काही दाखवायचंच नाही. हा निश्चय पुढच्या रविवारपर्यंत टिकला. पुण्याचे पाहुणे आले आणि त्यांना पाणचक्की दाखवणं भाग पडलं. मलिक अंबरने 1610 मध्ये खडकी वसवली. तीच पुढे औरंगाबाद आणि 2023 पासून छत्रपती संभाजीनगर. त्याने गावाला नहरीने पाणी आणलं. पाणचक्कीचं पाणीही असंच उत्तरेकडच्या डोंगरातून, जमिनीखालच्या मातीच्या नळांतून यायचं, भिंतीत वर चढायचं आणि हौदात कोसळायचं. त्या पाण्यावर जातं फिरायचं. पाहुण्यांच्या दहा वर्षांच्या मुलाने विचारलं, "काका, पाणी वर कसं चढतं?" एरवी मी 'पूर्वीच्या लोकांची कमाल!' म्हणून पुढे सरकलो असतो. या वेळी म्हणालो, "मला माहीत नाही. बघून सांगतो."

घरी येऊन गच्चीत एक नळी आणि दोन बाटल्या घेऊन बसलो. गवंडी पारदर्शक नळीत पाणी भरून दोन भिंतींची पातळी जुळवतात, तीच ही गंमत. झरा उंचावर असला, तर बंद नळातलं पाणी खाली उतरून पुन्हा जवळजवळ तेवढं चढतं. हे पोराला पटलं. खालच्या मजल्यावरची वाळत घातलेली गोधडी भिजली ती वेगळी.

आणि तेव्हाच दुसरी गोष्ट उमगली. पाणचक्कीवाल्यांनी डोंगरातून आलेलं पाणी नुसतं पुढे ढकललं नाही. वाटेत त्याच्याकडून दळून घेतलं, आणि दर्ग्यातल्या फकिरांना, वाटसरूंना वाढलं ते पीठ. टिम बर्नर्स-ली यांनी 1989 मध्ये 'सर्न' या संस्थेत वर्ल्ड वाइड वेबची कल्पना मांडली, ती चालवून दाखवली, आणि 1993 मध्ये संस्थेने ती जगाला फुकट देऊन टाकली. म्हणजे वाटणं वाईट नाही. न दळता वाटणं वाईट.

मावशी आता बरी आहे. गोळी सुरू आहे, दाब दंडाला पट्टा बांधून मोजते. मी काहीही पाठवलं की तिचा एकच प्रश्न येतो, "तू वापरून बघितलंस का?" निम्म्या वेळा मी निमूटपणे पाठवलेलं पुसून टाकतो.

काल बाटल्या-नळीचा प्रयोग पाठवला. प्रश्न आलाच. मी लिहिलं, "हो. गोधडी भिजली." मावशीने अंगठा पाठवला. कॅमेऱ्यावर ठेवायचा नव्हे, वर केलेला.