कंपनाची दिशा

ताऱ्याचा प्रकाश म्हणजे सर्व दिशांनी कंप पावणाऱ्या तरंगांची सरमिसळ. तो कशावर तरी पडून परतला, की काही दिशांची कंपने क्षीण होतात आणि उरलेली उठून दिसतात. अशा एका दिशेकडे झुकलेल्या प्रकाशाला ध्रुवित प्रकाश म्हणतात. साध्या डोळ्यांना हा झुकाव कळत नाही, ध्रुवक काचेतून तो उघड होतो.

मुळशी धरणाच्या जलाशयावर ऊन चमकत असताना ध्रुवक काच डोळ्यांसमोर धरून फिरवली, तर एका स्थितीत चकाकी मावळते आणि काठालगतचा तळ दिसू लागतो. लंबाशी सुमारे ५३ अंशांचा कोन करून पाण्यावर पडलेला प्रकाश परावर्तित होताना पूर्णपणे ध्रुवित होतो. पावसाळा सरल्यावर ताम्हिणीच्या माथ्यावरचे निळे आकाशही सूर्यापासून ९० अंशांवर बरेचसे ध्रुवित असते, कारण हवेचे रेणू प्रकाश विखुरतात. आषाढातल्या दाट ढगासमोर मात्र काच कितीही फिरवली तरी फरक पडत नाही. त्याच्या थेंबाथेंबांवरून प्रकाश इतक्या वेळा विखुरतो, की दिशेची खूण पुसली जाते.

दूरच्या ताऱ्यांभोवतीच्या महाकाय ग्रहांनाही हाच नियम लागू आहे. यांतले अनेक ग्रह ताऱ्याच्या इतके निकट असतात, की दुर्बिणीत दोघांचा मिळून एकच ठिपका दिसतो. पण ताऱ्याचा प्रकाश एकूण धरता जवळजवळ अध्रुवित असतो, तर ग्रहावरून परतलेला ध्रुवित. ग्रहाच्या प्रदक्षिणेबरोबर हे ध्रुवीकरण कमीजास्त होते, आणि त्या चढउतारावरून ग्रहाचा वाटा वेगळा काढता येतो. वातावरण निरभ्र असेल तर निळ्या प्रकाशात खूण ठळक असते, ढगाळ असेल तर फिकट. गोल थेंबांचे ढग असतील तर इंद्रधनुष्याच्या कोनावर ती पुन्हा वाढते.

या पद्धतीचा कस शुक्रावर लागला. १९२०च्या दशकात बर्नार्ड लिओ यांनी शुक्राचे ध्रुवीकरण मोजले. १९७४ मध्ये हॅन्सन आणि होव्हेनियर यांनी अशा मोजमापांवरून तिथल्या ढगांतील थेंबांची त्रिज्या सुमारे १ मायक्रॉन ठरवली. थेंबांचा अपवर्तनांक संहत सल्फ्युरिक आम्लाशी जुळला.

दूरच्या ताऱ्यांभोवतीच्या या ग्रहांची, म्हणजे बाह्यग्रहांची, खूण मात्र एकूण प्रकाशाच्या दहा लाखांत काही भाग इतकीच असते. दुर्बिणीचे आरसे आणि वाटेतली आंतरतारकीय धूळही प्रकाश ध्रुवित करतात. एचडी १८९७३३ बी या ग्रहाबाबत २००८ मध्ये मोठ्या ध्रुवीकरणाचा दावा झाला, पण नंतरच्या अधिक काटेकोर मोजमापांत तेवढा संकेत आढळला नाही.

पुण्याच्या आयुका या संस्थेत ध्रुवणमापनाची परंपरा आहे. गिरवली येथील तिच्या २ मीटर दुर्बिणीवर २००६ पासून निरीक्षणे होत आली, आणि आकाशगंगेतील धुळीमुळे होणारे ध्रुवीकरण मोजणारी वॉलोप उपकरणेही आयुकात घडली. बंगळूरच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेत सुजन सेनगुप्ता यांनी ग्रहांच्या वातावरणातील ध्रुवीकरणाची गणिते मांडली. या गणितांनुसार, स्वतःच्या उष्णतेने तेजाळणाऱ्या तरुण ग्रहाचा आकार अगदी गोल आणि ढग सगळीकडे सारखे असतील, तर त्याच्या निरनिराळ्या भागांचे ध्रुवीकरण एकमेकांना रद्द करते आणि एकूण शून्य उरते. वेगवान फिरण्याने ग्रह चपटा झाला, किंवा ढगांचे पट्टे पडले, तर थोडे ध्रुवीकरण शिल्लक राहते.

म्हणून खूण न सापडणे ही निरीक्षणाची हार ठरत नाही. संकेत अमुक मर्यादेहून कमी आहे एवढे पक्के ठरले, तरी तिथे लख्ख निळे, निरभ्र वातावरण कितपत संभवते याला सीमा पडते. आषाढाचा ढगही काचेला काही दाखवत नाही, आणि त्यावरूनच तो दाट असल्याचे कळते.