पद्मिनीच्या पोटातलं डिझेल

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचा विषय निघाला की लोक लगेच हळवे होतात. कॅरिअर, स्टिअरिंगला चिकटलेला गिअर, छताला लावलेलं फुलाफुलांचं रेक्झिन. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली तेव्हा इन्स्टाग्रामवर आठवडाभर हेच चालू होतं. मला मात्र तिच्या बॉनेटखाली काय होतं यात जास्त रस आहे. यातल्या बऱ्याच गाड्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पेट्रोल इंजिन घेऊन बाहेर पडल्या आणि काही वर्षांनी कुठल्यातरी गल्लीतल्या गॅरेजमधून छोटं डिझेल इंजिन घेऊन परत रस्त्यावर आल्या. तोच रंग, तोच मीटर, तोच नंबर. आतलं सगळं वेगळं.

हे काम वाटतं तितकं सोपं नाही. पद्मिनीचं मूळ इंजिन १०८९ सीसीचं, पेट्रोलचं. पेट्रोल इंजिनात ठिणगी पडते आणि इंधन पेटतं. डिझेलमध्ये ठिणगीच नसते. नुसती हवा वीसएक पट दाबायची, ती दाबानेच इतकी तापते की नोझलमधून उडालेलं डिझेल आपोआप पेट घेतं. एवढा दाब सहन करायचा म्हणजे ब्लॉक जाड, क्रँक जाड, सगळंच जड. मग मिस्त्रीने काय काय करायचं? इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांना बसत नाहीत, म्हणून लेथवाल्याकडून मधली प्लेट कातून घ्यायची. फाउंडेशन कापून नव्या जागी वेल्ड करायची. नोझलमधून उरलेलं डिझेल टाकीत परत न्यायला आणखी एक नळी टाकायची. बॅटरी मोठी बसवायची. पुढचं वजन वाढलं म्हणून स्प्रिंगांचं बघायचं. आणि एक गंमत: जुन्या डिझेल पंपाचं इंजिन चावी फिरवून बंद होत नाही. ठिणगीच नाही तर चावी तोडणार काय? त्यासाठी डॅशबोर्डखाली एक नॉब लावायचा. तो ओढला की डिझेल बंद, मग इंजिन बंद.

हे सगळं कशासाठी, तर लिटरमागे जास्त किलोमीटर आणि लिटरही स्वस्त. डिझेलचा भाव सरकारने वर्षानुवर्षं मुद्दाम खाली ठेवला होता, ट्रकसाठी, एसटीसाठी, शेतातल्या पंपासाठी. ऑक्टोबर २०१४ मध्ये हे नियंत्रण उठेपर्यंत पेट्रोल आणि डिझेलच्या भावातली दरी ही या देशातल्या कितीतरी निर्णयांची खरी आई होती. रविवारी एकदा बाहेर काढायच्या गाडीत इंजिन बदलणं हा वेडेपणा. दोन शिफ्टमध्ये दिवसरात्र पळणाऱ्या टॅक्सीत तेच शहाणपण. प्रीमियरलाही ते कळलं आणि त्यांनी स्वतःची डिझेल पद्मिनी काढली, १३७डी. पण गल्लीतला मिस्त्री त्यांच्या आधी तिथे पोचला होता.

आता या गोष्टीकडे तत्त्वज्ञान म्हणून बघायचं तर पहिला प्रश्न सगळ्यांना तोच सुचतो. इंजिन बदललं, मग गाडी तीच का? ग्रीकांकडे थीसियसचं जहाज आहे, आपल्याकडे त्याहून चांगलं उदाहरण आहे. ‘मिलिंदपन्ह’ या पाली ग्रंथात भिक्खू नागसेन राजा मिलिंदाला त्याच्याच रथाबद्दल विचारतो. चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो आणि शेवटी कबूल करतो की रथ हे या सगळ्यांच्या जुळणीला दिलेलं नाव आहे. मला हा संवाद फार आवडतो. पण ताडदेवच्या आरटीओत तो चालत नाही. तिथे रथाला आत्मा आहे आणि तो चॅसीवर कोरलेला आहे. चॅसी नंबर तोच तर गाडी तीच. वयही चॅसीचं मोजायचं. शेवटच्या पद्मिनीची टॅक्सी म्हणून नोंद २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवलाच झाली होती. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षं मिळतात, ती भरली आणि गाडी संपली. आत कुठलं इंजिन आहे, किती चाललंय, हा प्रश्नच नाही.

मला वाटतं, ‘गाडी तीच का’ हा प्रश्न आपल्याला इतका आवडतो याचं कारण त्यात कोणाचंच काही जात नाही. दुसरा प्रश्न अवघड आहे. इंजिन बदलून जो पैसा वाचला, तो कोणाच्या खिशातून आला?

आमच्या चाळीत, लालबागला, एक काका राहतात. त्यांनी आयुष्यभर टॅक्सी चालवली, पण स्वतःची कधीच नव्हती. शेठची गाडी, ठरलेलं शिफ्टचं भाडं, इंधन ड्रायव्हरचं. आता यात डिझेल घाला. इंजिनचा खर्च शेठ करणार, इंधनाची बचत ड्रायव्हरची होणार. मग शेठ खर्च का करेल? उत्तर उघड आहे, शिफ्टचं भाडं वाढवून. “पहिले दोन महिने बरे गेले,” काका म्हणाले, “मग भाडं वाढलं आणि माझ्याकडे राहिला तो हादरा.” हलक्या पेट्रोल इंजिनसाठी बांधलेल्या बॉडीत डिझेल बसवलं की सगळी गाडी थरथरते. सिग्नलला उभं राहिलं की आरसा इतका हलायचा की मागचं नीट दिसायचं नाही. तो हादरा आणि तो वास रोज बारा तास घ्यायचा. मी विचारलं, “काका, मग तुम्ही पेट्रोलची गाडी का नाही मागितली?” ते हसले. “अरे, मागणारे रांगेत होते. गाडी कुठे होती?”

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात अशा कामाला मायग्रेशन म्हणतात. बाहेरचा इंटरफेस तोच ठेवायचा, आतली यंत्रणा बदलायची, आणि युजरला काही कळलं नाही तर काम जमलं. दादर स्टेशनबाहेर टॅक्सीत बसणाऱ्यालाही काही कळत नव्हतं, फार तर आवाज जास्त वाटायचा. यशाचं हे माप मला हल्ली खटकतं. ज्याला कळलं नाही त्याचं काही बिघडलं नाही, असं आपण परस्पर धरून चालतो.

रस्त्याच्या कडेला उभ्या माणसाचं तर बिघडतच होतं. डिझेलचा धूर कॅन्सरला कारण ठरतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने निःसंदिग्धपणे सांगितलं ते जून २०१२ मध्ये. पण ‘बहुधा ठरतो’ हे त्यांनी १९८८ मध्येच म्हटलं होतं. अर्थात ते मिस्त्रीपर्यंत पोचायचं काही कारण नव्हतं. मात्र काळा धूर बघायला संशोधन लागत नाही. १९९९ मध्ये ‘स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरम’ची याचिका मुंबई उच्च न्यायालयात आली, न्यायालयाच्या आदेशाने व्ही. एम. लाल समिती बसली आणि पुढच्या काही वर्षांत जुन्या टॅक्सींना सीएनजीकडे वळावं लागलं.

यावर एक ठरलेला आक्षेप असतो आणि तो पोकळ नाही. हवा ही खातंपितं घर असलेल्यांची काळजी आहे, टॅक्सीवाल्याच्या चार पैशांवर त्यांचाच डोळा का? पण लालबागच्या मार्केटबाहेर, परळच्या नाक्यावर सगळ्यात जास्त धूर कोण घेतो ते बघा. काचा वर करून जाणारा घेत नाही. भाजीवाली घेते, ट्रॅफिक हवालदार घेतो, केईएमच्या फुटपाथवर पेशंटचा नंबर लागायची वाट बघणारा गावाकडचा नातेवाईक घेतो. एका गरिबाची बचत दुसऱ्या गरिबाच्या छातीतून निघत होती आणि मधल्यामध्ये शेठचं भाडं वाढत होतं.

या इंजिनाच्या जन्मदात्याला हे कसं वाटलं असतं, असा विचार माझ्या मनात येतो. रुडॉल्फ डिझेलला आपलं इंजिन छोट्या कारागिरासाठी हवं होतं. मोठ्या कारखान्यांच्या अवाढव्य वाफेच्या इंजिनांपुढे लहान माणूस टिकावा, ही त्याची कल्पना. १९०३ मध्ये त्याने कामगारांच्या सहकारी मालकीवर ‘सॉलिडारिझमुस’ नावाचं पुस्तकही लिहिलं. ते फारसं कोणी वाचलं नाही. इंजिन मात्र सगळ्यांनी घेतलं, जहाजवाल्यांनी, पाणबुडीवाल्यांनी, शेठने.

आणि स्वच्छ इंजिन आणलं की हिशेब चुकता होतो, असंही नाही. गिरणगावाने याहून मोठी इंजिनबदल पाहिलेली आहे. इथल्या गिरण्या कोळशावर, वाफेवर चालायच्या. १९१५ मध्ये खोपोलीहून टाटांची जलविद्युत मुंबईत आली आणि गिरण्या विजेकडे वळू लागल्या. कोळसा कमी, धूर कमी, परळला सोयच झाली. विजेची भूक वाढली तसं पुढचं धरण मुळशीला बांधायला घेतलं, आणि मावळातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी पाण्याखाली जाणार हे ठरलं. १९२१ ते १९२४ सेनापती बापट आणि तिथले लोक त्याविरुद्ध लढले आणि हरले. लालबागच्या चाळीत राहणाऱ्या कामगाराला आपल्या साच्याला कुठल्या नदीची वीज लागते याचा पत्ता असायचं कारण नव्हतं. त्याला मी दोष देत नाही. पण वीज आणणाऱ्यांना पत्ता होता.

मिस्त्री आणि शेठमध्येही मला हाच फरक करावासा वाटतो. मिस्त्रीचं कौशल्य खरं होतं, ते मी कमी लेखणार नाही. दोन वेगळ्या देशांत आखलेल्या गोष्टी हातोडी, लेथ आणि अंदाज यांच्या जोरावर एकत्र चालवायच्या, हे आमच्या कॉलेजातल्या चार वर्षांत मला कोणी शिकवलं नाही. पण मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे: आरसी बुकातला तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापासून वेगळा होईल असा फेरफार मालकाने परस्पर करायचा नाही. पूर्वी मला ही निव्वळ बाबूगिरी वाटायची. आता वाटत नाही. इंधनाचा रकाना बदलला की निदान कोणीतरी मोजू शकतं, की या शहरात अशा गाड्या किती आहेत, त्यांचा धूर किती, तो कोणाला लागतो. ज्याने नोंद करून इंजिन बदललं त्याच्याशी भांडता येतं, न्यायालयात जाता येतं. ज्याने रकान्यात पेट्रोल ठेवून डिझेल जाळलं, त्याने शेजाऱ्याचा भांडायचा हक्कच काढून घेतला. पैसे वाचवणं हा गुन्हा नाही. कोणाच्या पैशाने वाचवले ते पुसून टाकणं मला गुन्ह्याच्या जवळचं वाटतं, मग दंड होवो न होवो.

सीएनजी आला तेव्हाही बिल कुठेतरी सरकलंच. सिलिंडर डिकीत बसला, म्हणून दादरला उतरणाऱ्याच्या बॅगा छतावर गेल्या. पिकअप कमी झाला. गॅस भरायच्या रांगेत जाणारा वेळ ड्रायव्हरचा. तरी मला तो सौदा चांगला वाटतो, कारण हे सगळं उघड्यावर होतं. बॅग वर बांधावी लागते हे प्रत्येकाला दिसत होतं आणि त्यावरून रोज भांडणंही होत होती.

आता जुन्या गाड्यांत बॅटरी आणि मोटर बसवायची भाषा चालू आहे. मी काकांना मोबाइलवर तसा एक व्हिडिओ दाखवला. कापलेलं फाउंडेशन, नवी प्लेट, वेल्डिंग, सगळं तेच. फक्त इंजिनच्या जागी भोपळ्याएवढी मोटर. ते कौतुकाने बघत होते. मग म्हणाले, “चार्जिंगला लावली की तेवढा वेळ गाडी उभी. शिफ्टचं भाडं चालू राहणार की थांबणार?”

मी म्हटलं, व्हिडिओत तसं काही सांगितलेलं नाही.

“मग चालू राहणार,” काका म्हणाले आणि व्हिडिओ परत पहिल्यापासून लावायला सांगितला.