मागून घेतलेली टाळी

टाळी ही साक्ष समजावी की नुसता आवाज? प्रश्न क्षुल्लक वाटेल. परंतु दूरचित्रवाणीवरील एका मराठी गानस्पर्धेच्या चित्रीकरणास प्रेक्षक म्हणून उपस्थित राहिल्यापासून तो आमची पाठ सोडीत नाही.

१९९५ साली झी वाहिनीवर 'सा रे ग म' सुरू झाले आणि अशा स्पर्धा घरोघरी रुळल्या. पडद्यावर तासाभरात आटोपणाऱ्या कार्यक्रमाचे काम प्रत्यक्षात दिवसभर चालते. बारीक रेघांचे वा चौकड्यांचे कपडे कॅमेऱ्याला मानवत नाहीत, म्हणून ते घालून येऊ नये, असे आम्हांस आधीच कळवले होते. नीटनेटक्या पोशाखातील मंडळींना पुढे बसवण्यात आले. मग मंचावर एकही गायक आलेला नसताना आमच्याकडून टाळ्या घेण्यात आल्या. आधी साध्या, मग जोराच्या, मग उभे राहून. संकलनाच्या वेळी त्या हव्या त्या गाण्याला जोडता येतात.

याला असत्य म्हणावे काय? संत ऑगस्टिन यांनी इ. स. ३९५ च्या सुमारास असत्यावर एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला. मनात एक असताना फसवण्याच्या हेतूने दुसरेच प्रकट करणे, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा. थट्टेला मात्र त्यांनी वगळले, कारण बोलणाऱ्याच्या एकंदर सुरावरूनच तिच्यात फसवणूक नाही हे उघड होते. करमणुकीचे कार्यक्रम करणाऱ्यांना या सवलतीचा आधार घेता येईल. बीबीसीवर १९९३ पासून जूल्स हॉलंड यांचा 'हूटनॅनी' हा संगीताचा कार्यक्रम ३१ डिसेंबरच्या रात्री दाखवतात. तो काही दिवस आधीच चित्रित केलेला असतो. निमंत्रित प्रेक्षक डिसेंबरातल्याच कुठल्याशा संध्याकाळी मध्यरात्रीचे आकडे मोजून नव्या वर्षाचा जल्लोष करतात. हे पुष्कळांस ठाऊक आहे आणि त्यात कोणाचे काही बिघडत नाही. एवढ्यापुरता आमचा आक्षेप नाही.

परंतु गाण्याच्या दादेचे तसे नसते. मैफलीत गवई समेवर येतो तेव्हा समोरची मान हलते की नाही, याकडे त्याचे लक्ष असते. एखादी जागा पोहोचली तर तो तिच्यापाशी रेंगाळतो, नाही तर पुढे सरकतो. दाद ही त्याला मिळणारी बातमी असते, आणि बातमी खोटी असेल तर तो कशाच्या आधारावर गाणार?

त्या दिवशी बारा-तेरा वर्षांची एक मुलगी गायली. मुखड्यात दोनदा अडखळली. अंतरा मात्र तिने असा काही गायला की शेवटचा स्वर विरल्यावर कोणाचा हात उठेना. इतक्यात फ्लोअर मॅनेजरने खूण केली आणि आम्ही शिकवल्याप्रमाणे उभे राहिलो. आधीच्या दोघांना, जे बेतास बात गायले होते, हेच मिळाले होते. आपल्या गाण्याने सभागृह क्षणभर मुके झाले, हे त्या मुलीला कळले असेल काय? घरी बसून पाहणाऱ्यांहून फसवणूक तिचीच अधिक झाली, असे आम्हांस वाटते.

पैसे घेऊन टाळ्या देण्याचा धंदा जुनाच आहे. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या ऑपेरागृहांत 'क्लाक' नावाच्या टोळ्या असत. त्यांतले काही हसण्याचे, काही रडण्याचे मानकरी. पण तिथे कित्येकदा पैसे गायकच मोजी, म्हणून टाळीची किंमत त्याला नेमकी ठाऊक असे. आम्ही फुकट वाजवीत होतो. फुकटची टाळी कोणालाही मनापासूनची वाटते.

आमच्यापैकी एका वडीलधाऱ्या बाईंना हा सारा विचार रुक्ष वाटला. लेकरू चुकले तरी हात आखडू नये, असे त्यांचे म्हणणे, आणि त्याला उत्तर देणे आम्हांस सोपे गेले नाही. बेतास बात गायलेल्या एका मुलाची आई आमच्याच रांगेत बसली होती. गाणे संपताच तिने मुलाकडे नव्हे, आमच्या हातांकडे पाहिले. अशा वेळी हात मांडीवर ठेवून बसणे सत्याला धरून असेलही. आम्हांला ते जमले नसते आणि जमावे अशी इच्छाही नाही. मात्र त्या आईसाठी वाजवलेली टाळी आणि त्या मुलीला मिळालेली टाळी एकाच खुणेवर, एकाच मापाची निघाली, हे त्या बाईंनाही शेवटी खटकले. परतीच्या वाटेवर, आपण त्या मुलीला निदान मंचामागे गाठून काही सांगायला हवे होते, असे त्याच म्हणाल्या.